वरचा पब, खालचा पब

२७ फेब्रुवारी २००१, मंगळवार

ही डायरी बिअरवाल्या कंपनीची. दर नाताळात एक फुकट देतात, आणि दर वर्षी मी तिच्यात फक्त किती पिंपं मागवली तेवढं लिहिते. आज त्यांच्या माणसाने फोनवर विचारलं, "थेल्मा, या आठवड्यात किती?" म्हटलं, एकही नको. पान कोरं राहिलं. ते बघवेना म्हणून हे लिहितेय. नवरा होता, रॉन, तेव्हा त्याच्या कानाशी बडबडायचे. त्याला जाऊन सहा वर्षं झाली.

लाळ्या-खुरकूत दक्षिणेकडून वर सरकतेय म्हणे. रोग जनावरांचा, पण पहिली लाथ आम्हाला बसली. डोंगरावरच्या सगळ्या पायवाटा बंद. पायवाटा बंद म्हणजे चालायला येणारे बंद, म्हणजे माझं दुपारचं सूप बंद आणि वरच्या तिन्ही खोल्या रिकाम्या. आज दिवसभरात एकच गिऱ्हाईक, टॉट. रस्तेदुरुस्तीची नोकरी सुटून चौदा वर्षं झाली तरी पिवळं जाकीट अंगावरून उतरत नाही मेल्याचं. अर्ध्या ग्लासावर तीन तास बसतो.

"काल वर होतो," म्हणाला. "तुझ्या बहिणीकडेही सामसूम आहे."

"मी विचारलं का तुला?"

"विचारत नाहीस म्हणूनच सांगावं लागतं."

मॉसगार्थमध्ये घरं चौसष्ट आणि पब दोन. ओढ्याकाठचा हा खालचा, फ्लीस, माझा. चढ चढून गेलं की वरचा, क्रॉस कीज, आमच्या बेरिलचा आणि तिच्या नवऱ्याचा, जॉसचा. बेरिल माझी सख्खी मोठी बहीण. एकोणीस वर्षं आम्ही एकमेकींशी बोललेलो नाही. बाबांनी फ्लीस माझ्या एकटीच्या नावावर केलं. बेरिल चौदाव्या वर्षापासून इथले ग्लास धूत होती, तिला काही नाही. मृत्युपत्र वाचून झाल्यावर ती म्हणाली, "तुला घर मिळालं ना? मग बहीण कशाला हवी?" आणि चालती झाली. मला वाटलं, येईल परत. जाते कुठे, पाचशे पावलांवर तर राहते.

पण धंद्याचं आमचं बरं चालतं. थंडीत सोमवारी मी बंद, मंगळवारी ती. हे कधी ठरलं नाही, आपोआप झालं. माझी बिअर ओढायच्या गॅसची टाकी ऐन शनिवारी संपली तर टॉट हातगाडी ढकलत वर जातो आणि तिची भरलेली घेऊन येतो. आठवड्याने माझी भरलेली वर जाते. कोणी कोणाचे आभार मानत नाही.

१३ मार्च, मंगळवार

आला रोग. पलीकडच्या खोऱ्यात परवा चारशे गुरं जाळली. वास इथवर येतो. खिडक्या लावल्या तरी पडद्यांत बसतो.

पबच्या दारात औषधात भिजवलेला गोणपाट टाकलाय. येणाऱ्याने बूट त्यावर पुसायचे. पुसायला येतंय कोण! शेतकरी घराबाहेर पडत नाहीत, आणि जे शेतकरी नाहीत त्यांना शेतकऱ्यांच्या दारावरून जायची लाज वाटते.

आणि आजच कौन्सिलची वर्षाची पट्टी आली. पब उघडा असो, ओस असो, भिंती उभ्या आहेत ना, मग भरा. प्रेस्टनच्या त्या माणसाचा पुन्हा फोन आला. त्याला फ्लीस घेऊन सुट्टीचं घर करायचंय. बाबांचा बार काढून तिथे म्हणे न्हाणीघर. मी फोन आपटला. पण नंबर फाडून टाकला नाही, हेही इथे लिहून ठेवते.

२२ मार्च, गुरुवार

एक खोली गेली! सरकारी पशुवैद्य, पेटिफर म्हणून. वय सहासष्ट, निवृत्त होऊन नॉरफोकात गुलाब लावत बसले होते, तिथून परत बोलावलं. पैसे सरकार देणार. सकाळी साडेपाचला न्याहारी लागते आणि संध्याकाळी परत आले की बाहेरच्या नळाखाली अर्धा तास हात धूत असतात. मी म्हटलं, अहो, आत गरम पाणी आहे. म्हणाले, "नको थेल्माबाई, आत नको."

टॉट काल आला, त्यांचा कोट खुंटीवर पाहिला, ग्लास न संपवता गेला. आज आलाच नाही. गुडघा दुखत असेल. या दिवसांत दुखतो त्याचा.

२८ मार्च, बुधवार

दोन गोष्टी.

एक. बेरिलच्या शेजारच्या शेतावर रोग निघाला. जॉसच्या मेंढ्यांना काही नाही, पण हद्दीला हद्द लागून. आता वरच्या रस्त्याला फाटकावर नोटीस आहे, आत जायचं नाही, बाहेर यायचं नाही. पब आणि शेत एकाच अंगणात, त्यामुळे क्रॉस कीजही बंद. बेरिल आत कोंडलेली. पोस्टातली बाई टपाल फाटकावरच्या डब्यात टाकते.

दुसरी. कौन्सिलकडून फॉर्म आला. एप्रिलपासून नवा नियम आहे. लहान गावात एकच पब असेल तर त्याची अर्धी पट्टी माफ, आणि उरलेली अर्धी माफ करायची की नाही ते कौन्सिलने ठरवायचं. म्हणजे पूर्ण जाऊ शकते! मी उभ्यानेच वाचलं. मग खाली बसून वाचलं. एकच पब असेल तर. आमच्याकडे दोन. म्हणजे मलाही नाही आणि तिलाही नाही. कोणा शहाण्याने हा नियम केला, त्याला आणून इथे बसवावं. दोघी बुडत असताना कोणी एकच दोर टाकावा आणि म्हणावं, ठरवा तुमचं तुम्ही.

३१ मार्च, शनिवार

फॉर्म स्वयंपाकघरात पावाच्या डब्याखाली ठेवलाय. दिसू नये म्हणून. मग दिवसातून दहादा पाव काढते.

मला वाटलं ते लिहिते, इथे कोण वाचणार आहे. मला वाटलं, बेरिलने पब बंद केला तर किती बरं होईल. त्यांच्याकडे मेंढ्या आहेत, शेत आहे, जॉस आहे. माझ्याकडे काय आहे? हा बार, आणि तीन खोल्या, आणि एक म्हातारा डॉक्टर. असं वाटल्यावर स्वतःचीच किळस आली. जाऊन पितळी नळ घासत बसले. घासता घासता पुन्हा तेच वाटलं.

३ एप्रिल, मंगळवार

भरला फॉर्म.

चौथा प्रश्न होता: या वस्तीत दुसरा पब चालू आहे काय? मी लिहिलं, नाही.

खोटं आहे का हे? आज वस्तीत दुसरा पब चालू नाही. दार बंद आहे, नोटीस लावलीय, पोलिसाची गाडी फाटकावर उभी असते. चालू आहे का, असं विचारलंय. चालू नाही. पुढे चालू होईल का, असं कुठे विचारलंय? त्यांना नीट प्रश्न विचारता येत नसेल तर तो माझा दोष नाही. शिवाय रोग गेला, फाटक उघडलं, की मी स्वतः फोन करून सांगेन की आता दुसराही आहे. तोवर दोन-तीन महिन्यांची पट्टी वाचली तर कोणाचं काय गेलं? बेरिलचं तर नाहीच.

पेटिफर डॉक्टर गावात जात होते, त्यांच्याकडे पाकीट टपालात टाकायला दिलं. आता बरं वाटतंय. म्हणजे वाटायला हवं.

११ एप्रिल, बुधवार

डॉक्टरांनी रात्रीचं जेवण परत पाठवलं. टेबलावर हात ठेवून बसले होते. मग म्हणाले, "थेल्माबाई, उद्या आम्ही वर जातोय. पबवाल्यांच्या मेंढ्या."

"पण त्यांना काही झालेलं नाही!"

"नाही झालेलं. शेजारी आहेत, म्हणून."

साडेतीनशे मेंढ्या. निम्म्यांची कोकरं चार-पाच दिवसांची. जॉसच्या आजोबांपासूनचा कळप आहे तो. त्या मेंढ्यांना डोंगरावर कुंपण लागत नाही, कुठपर्यंत चरायचं ते कोकराला आईबरोबर हिंडताना कळतं. विकत आणलेल्या मेंढ्यांना ते कोण शिकवणार? हे मी डॉक्टरांना सांगितलं. म्हणाले, "ठाऊक आहे हो मला." चिडले नाहीत, पण डोळे मिटून घेतले.

मला वर जावंसं वाटलं. फाटकापर्यंत तरी. कोट घेतला, एक हात घातला आणि दुसरा तसाच राहिला. काय म्हणणार होते तिला? एकोणीस वर्षांनी पहिला शब्द कोणता काढतात?

१२ एप्रिल, गुरुवार

दिवसभर आवाज येत होता. खाली इथेही. रेडिओ मोठा केला, मग लाज वाटून बंद केला.

डॉक्टर संध्याकाळी आले ते नळाकडे गेलेच नाहीत, पायरीवर बसले. मी चहा नेऊन दिला. सांगत होते, जॉस स्वतः एकेक मेंढी हाताने धरून पुढे आणत होता. दुसऱ्या कोणी धरली तर बिथरतात म्हणाला. दुपारी बेरिलने सगळ्यांना सँडविच करून दिले. मारेकऱ्यांनाही! "माझ्या अंगणात कोणी उपाशी काम करत नाही," म्हणाली. अशीच आहे ती. लहानपणी मला मारायची आणि मग स्वतःचा केक द्यायची.

मी विचारलं, रडली का? डॉक्टर म्हणाले, "नाही. स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती, हातात कौन्सिलचं एक पत्र. सकाळी डब्यात आलेलं. तेच वाचत होती. मी पाणी मागायला तीनदा गेलो, तिन्ही वेळा तेच. मग मला म्हणाली, डॉक्टर, तुम्ही उतरलाय कुठे? मी म्हटलं, खाली, फ्लीसमध्ये. तर म्हणाली, बरं. उशा चांगल्या आहेत तिथल्या."

बिचारी. त्या दिवशीसुद्धा पट्टीची मागणी पाठवली वाटतं त्या निर्लज्जांनी. एक दिवस थांबता येत नाही यांना.

१५ एप्रिल, ईस्टर

देवळात गेले. लोक होते, पण माझ्या बाकावर कोणी बसलं नाही. सगळे घाबरलेत रोगाला, एकमेकांपासून लांबच बसतात.

लांब बसतात म्हणजे, इतर बाकांवर पाच-सहा होते. असो.

९ मे, बुधवार

मंजूर! अर्धी नियमाने आणि उरलेलीही पूर्ण, या वर्षापुरती. पत्रात लिहिलंय, "मॉसगार्थमधील एकमेव पब म्हणून." मी ते पत्र बारच्या मागे आरशाला टेकवून ठेवलं, शेरीचा एक ग्लास भरला, बाबांच्या फोटोला दाखवला आणि प्याले. प्रेस्टनवाल्याचा नंबर फाडून शेगडीत टाकला. फ्लीस वाचलं. सहा आठवडे नीट झोपले नव्हते.

टॉट आला तेव्हा पत्र तिथेच राहिलं होतं. त्याने चष्मा काढला, पुसला, वाचलं. टॉट आणि काही बोलला नाही! मी म्हटलं, जीभ घरी ठेवून आलास का? म्हणाला, "एकमेव का," आणि सुट्टे पैसे बारवर मोजून ठेवून गेला. त्याचं उधारीचं खातं आहे इथे, बाबांच्या वेळेपासूनचं, तीस वर्षांचं. आज रोखीने दिले.

पेटिफर डॉक्टर उद्या जातात, दुसऱ्या जिल्ह्यात काम लागलंय. म्हणाले, बहिणीला भेटा. लोकांना फार सोपं वाटतं.

२३ जून, शनिवार

पायवाटा उघडल्या! निम्म्याच, पण उघडल्या. आज दुपारी अकरा पानं वाढली, सूप संपलं. हातांची सवय गेली होती. वरच्या फाटकावरची नोटीस गेल्या आठवड्यातच काढली.

पण क्रॉस कीज उघडलं नाही. आजचा शनिवार, उन्हाळ्यातला, आणि हिचं दार बंद! मला तर राग आला. मेंढ्या गेल्या म्हणून धंदाही घालवायचा? सरकारने नुकसानभरपाई दिलीय चांगली. हट्टी आहे ती आधीपासून. कौन्सिलला फोन करायचा होता, दुसराही पब आहे म्हणून सांगायला, पण उघडलाच नाही तर काय सांगू? उघडला की करेन.

गॅसची टाकी संपली संध्याकाळी. टॉटला म्हटलं, वर जाऊन ये. म्हणाला, "वर टाकी नाही आता." म्हटलं, नाही म्हणजे? म्हणाला, "कंपनीला परत केल्या सगळ्या." गॅसशिवाय बिअर ओढता येईना. भर शनिवारी आठला बार बंद केला.

१४ जुलै, शनिवार

वरपर्यंत चालत गेले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. भेटायला नाही, नुसतं पाहायला. वळणावरच्या भिंतीआडून.

दारावरच्या पाटीवर परवानाधारकाचं नाव रंगवलेलं असतं, कायदाच आहे तसा. बेरिलचं नाव पांढऱ्या अक्षरांत होतं, तेवीस वर्षं. जॉस शिडीवर चढून त्यावर काळा रंग फिरवत होता. हळू, कडेकडेने, कुंपणाचा खांब रंगवावा तसा. खाली बेरिल शिडी धरून उभी. केस पूर्ण पांढरे झालेत. मला कोणी सांगितलंच नाही.

नाव पुसलं म्हणजे परवाना परत केला. म्हणजे कायमचं. आनंद व्हायला हवा होता का? मार्चमध्ये हेच तर मागत होते मी. जॉसने खाली पाहिलं आणि मला पाहिलं. पूर्वी लांबून बोटं उचलायचा तो, भांडण असलं तरी, गाडीतून जाताना. आज नाही उचलली. ब्रश धरला होता म्हणून असेल.

७ ऑगस्ट, मंगळवार

आज सगळं कळलं. लिहवत नाही, पण लिहिते.

सकाळी कौन्सिलला फोन केला. पुढच्या वर्षीही पूर्ण माफी मिळेल का, एवढंच विचारायचं होतं. पलीकडचा माणूस मोठा गोड बोलणारा. फाइल काढली. म्हणाला, "काही काळजी करू नका, तुमचं प्रकरण एकदम पक्कं आहे. सहसा नुसत्या अर्जदाराच्या शब्दावर आम्ही थांबत नाही, पण इथे दुसऱ्या बाजूचं पत्रही आहे ना."

"कोणतं पत्र?"

"तुमचा फॉर्म आल्यावर आम्ही क्रॉस कीजला लिहिलं होतं एप्रिलमध्ये. की आपला व्यवसाय बंद झाल्याचं फ्लीसच्या मालकिणीने कळवलं आहे, तरी खुलासा करावा. त्यांचं उत्तर आलं की लगेच. छोटंसंच आहे, वाचू का?"

मी हो म्हटलं की नाही आठवत नाही. त्याने वाचलं. "माझ्या बहिणीने लिहिलं असेल तर तसंच. आमचा पब बंद समजावा. बेरिल टायसन." मग म्हणाला, "तेरा एप्रिलची तारीख आहे. किती तत्पर लोक आहेत हो तुमच्या गावात."

तेरा एप्रिल. मेंढ्या बारा तारखेला मारल्या.

म्हणजे त्या दिवशी तिच्या हातात पट्टीची मागणी नव्हती. माझी करणी होती. बाहेर जॉस एकेक मेंढी धरून आणत होता, आणि ती आत बसून वाचत होती की खालच्या बहिणीने तिचा पब बंद झाल्याचं सरकारला कळवलं. आणि मी इकडे डॉक्टरांना चहा पाजून म्हणत होते, बिचारी!

टॉटला माहीत होतं. साऱ्या गावाला माहीत होतं. आणि मी त्याला विचारत होते, जीभ घरी ठेवून आलास का!

८ ऑगस्ट, बुधवार

कौन्सिलच्या ऑफिसात बसने स्वतः गेले. म्हटलं, माझा फॉर्म चुकीचा होता. तेव्हा तो पब तात्पुरता बंद होता. मी जाणूनबुजून लिहिलं. माझी माफी रद्द करा, पट्टी लावा, दंड लावा, आणि वरच्यांना पत्र पाठवा की चूक झाली.

त्या माणसाने सगळं ऐकून घेतलं. खरंच भला माणूस. मग कागद उलटसुलट करून म्हणाला, "बाई, तेव्हा कदाचित घाई झाली असेल. पण आमचा माणूस गेल्या महिन्यात पाहून आला, नाव पुसलंय, परवाना जमा आहे. आज त्या गावात एकच पब आहे. तुम्ही लिहिलंय ते बरोबरच आहे की."

"अहो, ते खोटं होतं!"

"आता नाही," म्हणाला, आणि मला पाणी दिलं.

परत येताना बस वरच्या फाटकावर थांबली. मी उतरले. दार वाजवलं. दोनदा. आतून जॉसचा खोकला ऐकू येत होता. दार उघडलं नाही. मी फटीतून चिठ्ठी टाकली, "बेरिल, मला माफ कर." आणखी काय लिहिणार होते, कारणं? कारणं तर या वहीत पानंच्या पानं आहेत.

२५ ऑगस्ट, शनिवार

जॉस गेला. काल सकाळी. रिकाम्या कुरणाच्या फाटकाशी उभा होता, तिथेच खाली बसला. छातीत कळ आली म्हणतात. बहात्तर वर्षांचा होता आणि आयुष्यात एक दिवस आजारी पडला नव्हता.

टॉटने सांगितलं. उभ्या उभ्या, गोणपाटावरून आत न येता.

२७ ऑगस्ट, सोमवार

बेरिल आली.

दुपारचे अडीच. मी ग्लास पुसत होते. दार उघडलं आणि ती आत आली, काळा कोट, हातात पिशवी. एकोणीस वर्षं मी हे दार वाजलं की एकदा वर बघायचे, कबूल करते. आज बघितलं आणि ती होती. माझ्या हातून ग्लास सुटला.

तिने काचांकडे पाहिलं नाही. गिऱ्हाईक उभं राहतं तिथे, बारच्या बाहेर उभी राहिली. स्वतःच्या बापाच्या बारबाहेर.

"गुरुवारी जॉसला पुरतोय," म्हणाली. "नंतर लोकांना चहा द्यायचाय. सत्तर एक माणसं होतील. हॅम, पाव, फळांचा केक. माणशी काय घेतेस?"

मी म्हटलं, "बेरिल."

"माणशी काय घेतेस, ते सांग."

"मी तुझ्याकडून पैसे घेईन का गं? बस ना. बस जरा. चहा टाकते."

"मी बसायला आले नाही. देवळाच्या सभागृहाचं छप्पर काढलंय, आणि माझा पब बंद आहे. गावात दुसरी जागा नाही, म्हणून आलेय."

मी भाव सांगितला. काय सांगितला आठवत नाही. तिने पिशवीतून पाकीट काढलं, निम्मे आगाऊ मोजून ठेवले, पावती मागितली. मी लिहिली. पावतीवर फ्लीसचा शिक्का आधी उलटा पडला, दोनदा मारावा लागला.

३० ऑगस्ट, गुरुवार

पब भरला होता. फेब्रुवारीपासून पहिल्यांदा. पंच्याहत्तर माणसं, पायऱ्यांवर, अंगणात, सगळीकडे. सगळे माझ्याशी सभ्यपणे बोलले. "केक छान झालाय, मिसेस रेल्फ." मिसेस रेल्फ! या लोकांनी मला लंगोटात पाहिलंय. एकानेही थेल्मा म्हटलं नाही, आणि बेरिलने पैसे भरलेला चहा सोडून एकानेही स्वतःच्या पैशाचा एक ग्लास घेतला नाही.

पाच वाजता सगळे गेले. बेरिल शेवटपर्यंत थांबली. न सांगता बाह्या वर केल्या आणि कप धुवायला लागली. मी पुसायला घेतले. बाबांच्या वेळी हेच करायचो, ती धुवायची, मी पुसायचे. मोरीशी आम्ही दोघी खांद्याला खांदा लावून उभ्या होतो आणि मला वाटलं, आता. आता म्हटलं नाही तर कधीच नाही.

"मी घाबरले होते गं," मी म्हटलं. "फ्लीस जाईल म्हणून. मला वाटलं, दोन महिन्यांचा प्रश्न आहे. तुला कळणारही नाही."

ती धूत राहिली. मग म्हणाली, "तोच फॉर्म माझ्याकडेही आला होता, थेल्मा."

मी पुसलेलाच कप पुन्हा पुसायला घेतला.

"तोच चौथा प्रश्न. त्या दिवशी तुझाही बार रिकामा होता, टॉटने फाटकावरून सांगितलं होतं. जॉस म्हणाला, खालचा आज ना उद्या बंदच पडणार, लिही नाही म्हणून. मी लिहिलं, हो, आहे. खाली माझ्या बहिणीचा पब आहे आणि तो चांगला चालतो."

तिने शेवटचा कप उपडा घातला. हात पुसले, बाह्या खाली केल्या, कोट घातला. राहिलेले निम्मे पैसे बारवर ठेवले, मोजून, आणि पावतीसाठी थांबली. मी पावती दिली. तिने ती घडी घालून पाकिटात ठेवली. मी म्हटलं, बेरिल, घरापर्यंत येते तुझ्याबरोबर, एकटी जाऊ नकोस. म्हणाली, "तुझी उघडायची वेळ झाली."

आणि गेली. चढावरून ती दिसेनाशी होईपर्यंत मी दारात उभी होते. सहा वाजले होते. मी आत येऊन दिवे लावले, पाटी फिरवून 'उघडे आहे' केली आणि बारमागे उभी राहिले. अकराला बंद केलं. कोणी आलं नाही.